त्या ‘फुस्स’चं बिल

भाच्याने बिल माझ्यासमोर टेबलावर टाकलं, तोवर त्याची गाडी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी तिसऱ्यांदा बंद पडलेली होती. बिल ₹१९,३०० चं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, ‘जपानी’, ₹१४,५००. अडॅप्टर आणि पाइप ₹२,३००. फिटिंग-ट्यूनिंग ₹२,५००. गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवरची, सेकंडहँड घेतलेली, दीड लाख किलोमीटर चाललेली.

“मामा, आवाज मात्र एक नंबर येतो,” तो म्हणाला. येत होता खरा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ‘फुस्स’. त्यानंतर सिग्नलला गाडी गचके खायची, सायलेन्सरमधून काळा धूर सोडायची आणि बंद पडायची.

टर्बो पेट्रोल गाड्या आता घराघरांत आहेत. नेक्सॉन, व्हेन्यू, तायगुन, कुशाक, एक्सयूव्ही ३एक्सओ, थार. त्यामुळे हा आवाज विकत घेणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो. भाव पुण्या-मुंबईतले आणि ढोबळ आहेत. चार ठिकाणी विचारलंत तर चार आकडे मिळतील.

आधी हा व्हॉल्व्ह करतो काय ते पाहू. बरेच जण याला कुकरच्या शिट्टीसारखं समजतात, म्हणजे दाब जास्त झाला की उडतो आणि वाफ सोडतो. तसं नाही. जास्तीचा दाब आवरण्याचं काम वेस्टगेटचं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह दाब वाढल्यामुळे उघडत नाही, तुम्ही पाय काढल्यामुळे उघडतो. टर्बोचा पंखा मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांनी फिरत हवा कोंबत असतो. तुम्ही पाय काढता, थ्रॉटलची झडप मिटते आणि पाइपात कोंबलेली हवा मध्येच अडकते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा रेटला की तो उलटा हाताला धक्का देतो ना, तशी ती हवा पंख्यावर उलटते. त्याचा आवाज ‘फडफडफड’ असा येतो. पंखा आणि त्याची बेअरिंग यांना ते मानवत नाही, आणि पुन्हा पाय दिल्यावर पिकअप यायला उशीर लागतो तो वेगळाच.

म्हणून कंपनीच पाइपाला एक बाजूची वाट ठेवते. थ्रॉटल मिटला की त्याच्या पलीकडे इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. तो व्हॅक्यूम बारीक नळीने व्हॉल्व्हच्या डोक्यावर पोचतो, आतला पडदा किंवा पिस्टन वर ओढतो आणि अडकलेली हवा सुटते. कुठे सुटते, हा खरा पैशांचा प्रश्न. कंपनीच्या व्हॉल्व्हमध्ये ती परत टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात जाते. याला डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात आणि तो जवळपास मुका असतो. बाजारात आवाजासाठी विकतात तो व्हॉल्व्ह हीच हवा बाहेर, बॉनेटखाली सोडून देतो.

सोडली तर सोडली, हवेला काय पैसे पडतात? ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाडीत पडतात. या इंजिनात एअर फिल्टरनंतर लगेच एमएएफ सेन्सर बसवलेला आहे. आत जाणारी हवा तो मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल टाकतो. तुम्ही मोजून आत घेतलेली हवा मध्येच बाहेर फुंकलीत तर ईसीयूच्या वहीत ती जमाच राहते. पेट्रोल पूर्ण पडतं, हवा मात्र कमी. मिश्रण त्या क्षणी गच्च होतं. त्यातून काळा धूर, प्लगवर काजळी, सिग्नलला गचके. हे रोजचं झालं की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर तापून खराब होतो. त्याची किंमत काढली की व्हॉल्व्हचं बिल चिल्लर वाटतं.

आम्ही गाडी टो करून माझ्या ओळखीच्या उस्तादांकडे नेली. साठीचे गृहस्थ, जुन्या जर्मन गाड्यांवर हात बसलेला. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरायला खिशातून अगरबत्ती काढली. पेट्रोलच्या इंजिनजवळ ती नको, असं मी म्हटल्यावर त्यांनी बिलाची पातळ कार्बन कॉपी मागितली, बोटभर तुकडा फाडला आणि व्हॉल्व्हच्या भोकासमोर धरला. कागद टपकन भोकाला चिकटला. “साहेब, हा सोडत नाहीये, ओढतोय,” उस्ताद म्हणाले.

म्हणजे स्प्रिंग इतकी सैल ठेवलेली, की नुसत्या आयडलिंगच्या व्हॅक्यूमवरच व्हॉल्व्ह उघडा राहत होता आणि इंजिन त्या भोकातून परस्पर हवा खात होतं. ही हवा न मोजलेली आणि न गाळलेली. आपल्या रस्त्यांवरची धूळ एअर फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये. दुकानदाराने स्प्रिंग मुद्दाम सैल ठेवली होती, कारण सैल स्प्रिंगला आवाज मोठा येतो. ‘ट्यूनिंग’चे जे पैसे घेतले होते, त्यात एवढंच केलं होतं.

उस्तादांनी डोक्यावरचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा करत दोन फेरे आवळला. कागद सुटून खाली पडला, आयडलिंग सुधारलं. मग चक्कर मारली. दुसऱ्या गियरमध्ये साडेतीन हजार आरपीएमपर्यंत नेऊन पाय सोडला, ‘फुस्स’ आला, आणि पुढच्या वळणावर गाडी परत बंद. स्क्रू आणखी आवळला तर फुस्सच्या जागी ती टर्बोची फडफड ऐकू यायला लागली. सैल केला की आयडलिंग बिघडतं, आवळला की टर्बोला मार बसतो, आणि मधल्या जागी ठेवला तरी मोजलेली हवा बाहेर जायची ती जातेच. चूक स्क्रूच्या फेऱ्यांत नव्हतीच. या इंजिनाला तो प्रकारच चुकीचा होता, आणि प्रकार चुकला तर कुणाचंही ट्यूनिंग त्याला सुधारू शकत नाही. व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच: माझ्या गाडीला एमएएफ सेन्सर आहे की नुसता एमएपी?

एमएपी सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, पाइपातून गेलेली हवा नाही. आजच्या बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या याच हिशेबावर चालतात, त्यामुळे त्यांत बाहेर फुंकणारा व्हॉल्व्ह लावला तर इंजिन इतका त्रागा करत नाही. पण सर्व्हिस मॅन्युअल किंवा एअरबॉक्सजवळचा सेन्सर स्वतः पाहिल्याशिवाय ‘सगळ्यांना चालतो’ या दुकानदाराच्या वाक्यावर जाऊ नका.

दुसरा प्रश्न, गाडीचा मूळ व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो की विजेवर? लॉरा, सुपर्बच्या १.८ टीएसआयमध्ये तो टर्बोलाच तीन बोल्टनी लावलेला इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो. त्याला नळी नसते, वायरचं सॉकेट असतं, आणि कधी उघडायचं ते ईसीयू सांगतो. तिथे व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह बसवायचा म्हणजे अडॅप्टर, नळीसाठी नवीन जोड, आणि सुटलेल्या सॉकेटमुळे पेटणारा चेक इंजिन लाइट. काही इंजिनांना असा वेगळा व्हॉल्व्ह दिलेलाच नसतो. मग ‘जुना काढून नवा लावला’ असं बिलावर लिहिलेलं असेल, तर जुना दाखवा म्हणायचं.

आता भाव.

पहिला खर्च निदानाचा, आणि नेमका तोच लोक वाचवतात. पिकअप गेला, शिट्टी वाजते, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब येत नाही, म्हणून नवीन व्हॉल्व्ह घ्यायला निघालेल्या गाड्यांत बऱ्याचदा दोष असतो फाटलेल्या होजचा किंवा ढिल्या क्लिपचा. स्कॅनिंग ₹५०० ते ₹१,०००. पी०२९९ हा कोड आला तर बूस्ट कमी पडतोय, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे गच्च. स्मोक टेस्टला ₹१,००० ते ₹१,५००. इनटेकमध्ये धूर सोडायचा, तो जिथून बाहेर येईल तिथे गळती. हे यंत्र नसलं तर साबणाचं पाणी आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर घेऊनही काम होतं. दाब मात्र अर्ध्या बारच्या आसपासच ठेवायचा, नाहीतर धड असलेल्या होजसुद्धा सुटतील. गळती सापडली की पुढचा खर्च ₹४० च्या क्लिपचा किंवा हजार-दोन हजाराच्या होजचा.

मूळ व्हॉल्व्ह तपासायला तर पैसेच लागत नाहीत. उस्तादांनी भाच्याने डिकीत टाकून ठेवलेला जुना व्हॉल्व्ह काढला, फडक्याने पुसला, त्याच्या बारीक नळीच्या टोकाला तोंड लावून ओढलं आणि टोक जिभेने बंद केलं. पडदा धड असेल तर आतली झडप वर उचलली जाते आणि जीभ काढेपर्यंत तशीच राहते. ही उचलली आणि लगेच खाली आली. पडद्याला केसाएवढी चीर होती. व्हॉल्व्ह बदलण्याआधी भाच्याला पिकअप कमी वाटायचा तो यामुळेच: बूस्ट आला की फाटक्या पडद्यातून थोडी हवा परत मागे जायची. खरं म्हणजे गाडीला नवीन व्हॉल्व्ह हवाच होता, फक्त तो मुका हवा होता. तुम्ही ही तपासणी करणार असाल तर तोंडाऐवजी हाताचा व्हॅक्यूम पंप वापरा, हजार-दीड हजारात मिळतो. जुन्या व्हॉल्व्हमध्ये ऑइलचा थर असतो आणि त्याची चव दिवसभर जात नाही.

मूळ नमुन्याचा व्हॅक्यूमवाला व्हॉल्व्ह, बॉशचा किंवा त्या तोडीचा, ₹३,५०० ते ₹६,००० मध्ये येतो. इलेक्ट्रिक असेल तर ₹५,००० ते ₹९,०००. मजुरी पहिल्याला ₹५०० ते ₹१,०००, कारण दोन क्लिप आणि एक नळी, वीस मिनिटांचं काम. इलेक्ट्रिकला ₹१,५०० ते ₹२,५००, कारण गाडी वर घेऊन खालून हात घालावा लागतो. माझ्या मते दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं.

त्यावरची पायरी म्हणजे पडद्याऐवजी धातूचा पिस्टन असलेला, पण हवा परत आतच फिरवणारा व्हॉल्व्ह. ऑस्ट्रेलियाचे टर्बोस्मार्ट आणि जीएफबी, इंग्लंडचे फोर्ज हे यातले जाणते लोक. जीएफबीचा एक प्रकार तर कंपनीचं इलेक्ट्रिक डोकं तसंच ठेवून फक्त आतला पिस्टन बदलतो. ₹१४,००० ते ₹२२,०००, आयात शुल्क आणि कर धरून. परदेशी साइटवरचा आकडा पाहून हुरळू नका, कुरिअरवाला दारात आल्यावर तो दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. हा व्हॉल्व्ह कुणी घ्यावा? ज्याने गाडी रिमॅप करून बूस्ट वाढवला आहे, त्याने. रिमॅपचेच ₹२५,००० ते ₹४५,००० होतात, त्यात हा खर्च शोभतो. मूळ बूस्टवर चालणाऱ्या गाडीत याने वेग वाढत नाही. कुणी पाच हॉर्सपॉवर वाढते म्हणालं तर चहा पिऊन निघून या.

आणि मग आवाजवाला. नामांकित जपानी किंवा ऑस्ट्रेलियन कंपनीचा खरा व्हॉल्व्ह ₹२०,००० ते ₹३५,०००, गाडीप्रमाणे अडॅप्टरचे ₹२,००० ते ₹६,०००. त्याच चेहऱ्याची नक्कल ₹२,००० ते ₹५,००० मध्ये मिळते. भाच्याने नकलेचे साडेचौदा हजार मोजले होते. ओळखायचं कसं? पिस्टन बोटाने दाबून सोडा. नकलेत तो खरखरत, अडखळत परत येतो. खऱ्यात लोण्यातून सुरी यावी तसा येतो. भाच्याच्या व्हॉल्व्हवर इंग्रजीत कोरलेल्या नावात तर एक अक्षरच चुकलेलं होतं. दुकानात तो पठ्ठ्या आवाज ऐकत होता, नाव वाचायला कुणाला वेळ?

डिझेलवाल्यांसाठी दोनच ओळी. पाय काढल्यावर पेट्रोलच्या गाडीत थ्रॉटल मिटतो तसं डिझेल इंजिनात होत नाही, त्यामुळे तिथे हवा तशी अडकतच नाही. ₹५,००० ते ₹१२,००० ला मिळणारं डिझेलचं किट पेडलच्या वायरवरून इशारा घेऊन मुद्दाम व्हॉल्व्ह उघडतं. तुम्ही टर्बोने कमावलेली हवा आवाजासाठी उधळता, बाकी काही नाही.

एमएपीवर चालणारी गाडी आहे, हौस आहे आणि पैसेही आहेत, असं असेल तर बसवताना दोन गोष्टींवर डोळा ठेवा. व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डवरून घ्यायला लावा, थ्रॉटलच्या इंजिनकडच्या बाजूने. ब्रेक बूस्टरच्या किंवा वेस्टगेटच्या नळीत टी टाकून काम उरकणारे मेकॅनिक भेटतात. ब्रेकच्या नळीला हात लावू देऊ नका. नळी आखूड हवी, जाड भिंतीची सिलिकॉनची हवी, मीटरला ₹१५० ते ₹३०० पडते. फिशटँकची पारदर्शक नळी इंजिनच्या उष्णतेत मऊ पडून व्हॅक्यूमला आतल्या आत चिकटते आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

स्प्रिंगबद्दल बाजारात एक मोठा गैरसमज आहे: बूस्ट जास्त, तर स्प्रिंग कडक. बूस्ट चालू असताना त्याच नळीतून मॅनिफोल्डचा दाब व्हॉल्व्हच्या डोक्यावरही येतो, म्हणजे खालून जेवढा रेटा तेवढाच जवळपास वरून. व्हॉल्व्ह बंद राहतो तो या दाबाच्या जोरावर. स्प्रिंगचं काम आयडलिंगला झडप मिटलेली ठेवणं, एवढंच. म्हणून सेटिंग इंजिन गरम झाल्यावर करायचं. कागदाचा तुकडा ओढला जात असेल तर अर्धा फेरा आवळा, ओढणं थांबलं की आणखी पाव फेरा, बस. मग रिकाम्या रस्त्यावर तीन-साडेतीन हजार आरपीएमला पाय सोडून पाहा. फडफड आली तर पाव फेरा सैल. अगदी हळू चालवताना, कमी बूस्टवर किंचित फडफडलं तर सोडून द्या, त्याने काही होत नाही. लॉकनट आवळून त्यावर पेंटचा ठिपका द्या, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रू हलला का ते दिसेल. पिस्टनवाला व्हॉल्व्ह दर दहा-पंधरा हजार किलोमीटरला उघडून पुसायचा आणि कंपनीने सांगितलेलं वंगण लावायचं, त्याचे ₹३०० ते ₹५००. पावसाळ्यानंतर एकदा जास्तीचं.

कायद्याचं कलम इथे किमतीतच धरायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली नियमबाह्य बदलाला मालकाला दर बदलामागे ₹५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आवाज आणि प्रदूषणाचं कलम १९० लावलं तर पहिल्या खेपेला ₹१०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर लायसन्स तीन महिने बाद. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पाहिलेले आहेत. वॉरंटीतली गाडी असेल तर टर्बोचा क्लेम करताना सर्व्हिस सेंटरवाला आधी हाच व्हॉल्व्ह दाखवेल, आणि टर्बो नवीन घ्यायचा तर लाखाच्या आसपासची तयारी ठेवावी लागते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल हे क्लेम अडवायला आयतं कारण.

भाच्याचं पुढे असं झालं. मूळ नमुन्याचा व्हॉल्व्ह ₹४,२००, नळी ₹४००, चार नवीन क्लिप ₹१६०, स्मोक टेस्ट ₹१,२००, मजुरी ₹८००. काजळलेले चार प्लग बदलले, ₹१,८००. एकूण ₹८,५६०. आधीचे ₹१९,३०० धरले तर ₹२७,८६०, म्हणजे आवाजाच्या नादापायी तिपटीहून जास्त. दुकानदाराने व्हॉल्व्ह परत घेतला नाही, कारण बिलावर जीएसटी क्रमांकही नव्हता आणि वॉरंटीचा शब्दही. पक्कं बिल असतं तर ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं असं मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

परवा आम्ही त्याच्या गाडीतून साताऱ्याला निघालो. नव्या कात्रज बोगद्यात शिरताना त्याने काच खाली केली, तिसऱ्या गियरमध्ये थोडा पाय दिला आणि सोडला. भिंतीवरून परत आलेला एक बारीकसा ‘हुश्श’ ऐकू आला, मूळ एअरबॉक्सच्या आतून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली.